पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याचा प्रसंग वृत्तपत्राच्या आयुष्यात वारंवार येत नाही. सरकार कोसळते, युद्ध पेटते किंवा एखादा थोर पुरुष काळाच्या पडद्याआड जातो, तेव्हाच संपादक ही जागा मागून घेतो. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. आज सकाळी या शहरात एवढेच घडले की, हजारो बायकांनी कामावर निघताना आपले तान्हे मूल कोणाच्या तरी हवाली केले. कोणी सासूच्या, कोणी शेजारणीच्या, कोणी आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीच्या, आणि कोणी बाहेरून लावलेल्या कडीच्या. उद्या सकाळीही हेच घडेल आणि परवाही. जे रोज घडते त्याला बातमीचे मोल येत नाही, आणि ज्याला बातमीचे मोल नाही त्याची दाद कोणत्याही सभागृहात लागत नाही. हा विषय स्त्रियांच्या पुरवणीतला आहे, त्याला आतल्या पानावर जागा द्यावी, असे आमच्याच कचेरीतील एका सहकाऱ्याने सुचविले. त्याच्या त्या सूचनेमुळेच आम्ही तो पहिल्या पानावर घेतला आहे.

आमची स्वतःची एक चूक प्रथम कबूल करतो. वृत्तपत्राच्या धंद्यात शिरण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. गिरणगावातील ती शाळा होती. चौथीच्या वर्गात एक चुणचुणीत मुलगी होती. गणितात तरबेज, अक्षर मोत्यासारखे. दिवाळीनंतर तिच्या नावापुढे हजेरीपटावर फुल्या पडू लागल्या. आम्ही शिरस्त्याप्रमाणे चिठ्ठ्या पाठविल्या, वर्गासमोर चार शब्द सुनावले, आळशीपणाबद्दल उभेही केले. एके दिवशी ती पाच-सहा महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात आली आणि "गुरुजी, याला घेऊन बसू का?" असे तिने विचारले. शाळेच्या नियमांत तसे बसत नाही, असे आम्ही तिला सांगितले. नियम खरोखरच तसा होता. ती परत गेली. पुढल्या वर्षी पाचवीच्या पटावर तिचे नाव नव्हते. तिची आई चार घरची धुणीभांडी करीत असे, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. त्या हजेरीपटावर आम्ही जिच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहीत होतो, ती मुलगी रोज आपल्या जागी हजर होती. जो समाज तिच्या धाकट्या भावाजवळ हजर असावयास हवा होता, त्याचे नाव कोणत्याच पटावर नव्हते.

मूल सांभाळण्याचा प्रश्न हा असा एकात एक गुंतलेला आहे. आईला सोय नसली की थोरल्या बहिणीची शाळा सुटते. तिची शाळा सुटली की तिच्याही वाट्याला तीच धुणीभांडी येतात. आणि पंधरा वर्षांनी तिचे मूल कोणाच्या कडेवर ठेवावे, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. आपण ज्याला दारिद्र्याचे दुष्टचक्र म्हणतो, त्याचा एक आरा या पाळण्यात आहे.

हा प्रश्न नवा नाही. या शहराने तो शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून कामावर जात, हे त्या काळच्या सरकारी पाहणीतच नमूद झाले आहे. त्या आया निर्दय होत्या काय? दहा-दहा तास साच्यापुढे उभ्या राहणाऱ्या बाईला मूल झोपवून ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग समाजाने ठेवलाच नव्हता. त्या वेळच्या चळवळीचे फळ म्हणून मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूति-लाभाचा कायदा केला. देशातील तशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली, आणि १९७६ साली ती मर्यादा तीसवर आणण्यात आली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली असाच कायदा झाला. कायद्यांची वाण या देशाला कधीच पडलेली नाही.

तथापि या साऱ्या कायद्यांत एक खोट होती, आणि ती अगदी साध्या मोजणीची खोट होती. कायदा बायका मोजत होता. कारखान्यात बायका किती, यावर पाळणाघर ठरत होते; जणू काही मूल फक्त बाईलाच असते आणि पुरुष कामगार निपुत्रिकच जन्मास येतो! याचा परिणाम काय व्हावयाचा तो झाला. एक्कावन्नावी किंवा एकतिसावी बाई नेमली की खर्च वाढतो, हे मालकाला कोणी शिकवावे लागले नाही. गिरण्यांतून बायकांची संख्या दशकामागून दशक घटत गेली, त्याला यंत्रांपासून रात्रपाळीपर्यंत अनेक कारणे होती; परंतु बाई ठेवली की जबाबदारी येते, हा हिशेबही त्यांपैकी एक होता. बांधकामांवर तर ठेकेदारांखाली पोटठेकेदार आणि त्यांच्याखाली मुकादम अशी उतरंड असते. कोणाच्याच वहीत पन्नास बायका भरत नाहीत आणि वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळणारी मुले मात्र सर्वांना दिसत असतात.

ही खोट अखेर काही अंशी दूर झाली आहे. १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यावे, अशी तरतूद झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती पुढे चालविली. त्याच वर्षीच्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही पन्नासहून अधिक कामगार, मग ते स्त्रिया असोत की पुरुष, हीच कसोटी धरली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. बापालाही मूल असते, हे कायद्याने उशिरा का होईना मान्य केले, याबद्दल आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु सव्वीस आठवडे संपल्यावर मूल सहा महिन्यांचे असते. शाळेत जावयास त्याला अजून साडेपाच वर्षे असतात. ती साडेपाच वर्षे कोणी पाहावयाची? आणि पन्नासच्या आतले दुकान, घरोघरचे काम, भाजीची पाटी, फुलांची टोपली, कचरावेचणी यांना कोणती संहिता लागू होणार? या शहरातील बहुसंख्य कष्टकरी बायका या रेषेच्या बाहेर उभ्या आहेत. राज्याने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी त्यांच्या मुलांचा दिवस कोठे जातो, हा प्रश्न सुटलेला नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत परक्या देशांकडे पाहण्याची गरज नाही. ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा निराधार आई आणि तिचे मूल ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांनी आपल्या घराच्या दारावरच लिहिले होते म्हणावयाचे. पुढे ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. परंतु दादरच्या मध्यमवर्गीय मुलांवर त्यांचे समाधान झाले नाही. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळा उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर त्यांना दिसले की, वारल्यांच्या मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली आणि तिला विकासवाडी हे नाव दिले. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत, थोरली पहिलीत! आम्ही त्या गिरणगावातल्या मुलीला दारातून परत पाठविले, त्याच्या कितीतरी वर्षे आधी या प्रश्नाचे उत्तर आमच्याच राज्यात एका टेकडीवर लिहून ठेवलेले होते. आम्ही शिक्षक असून ते वाचले नव्हते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि ताराबाईंचा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. लहान मुलांसाठी एवढी विस्तृत व्यवस्था जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तिने पोषणाचे आणि लसीकरणाचे मोठे कार्य केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु अंगणवाडी दिवसातून काही तासच भरते, आणि मुख्यतः तीन वर्षांपुढची मुले तेथे बसतात. नऊ वाजता आलेले मूल दुपारी घरी जाते, तेव्हा आई अजून तिसऱ्या घरची भांडी घाशीत असते. तीन वर्षांखालच्या मुलाला तर खिचडी वा शिध्याचे पाकीट मिळते, मांडी मिळत नाही. वस्तुतः मेंदूची आणि शरीराची वाढ पहिल्या हजार दिवसांत सर्वांत वेगाने होते, असे डॉक्टर सांगतात. नेमक्या त्याच दिवसांत आपली व्यवस्था मुलाला म्हणते, अजून थोडा मोठा होऊन ये.

आणि ही व्यवस्था ज्यांच्या खांद्यावर उभी आहे त्या सेविका आणि मदतनीस यांचे काय? त्यांना मिळते त्याला 'वेतन' म्हणत नाहीत. त्याला 'मानधन' म्हणतात. मराठी भाषेतील इतका सुंदर शब्द इतक्या कंजूष कामासाठी क्वचितच वापरला गेला असेल. केंद्र सरकारने २०१८ साली सेविकेच्या मानधनाची पायाभूत रक्कम दरमहा ४,५०० रुपये ठरविली. वरची भर राज्याने घालावयाची. या मोबदल्यात तिने मुले सांभाळावी, वजने घ्यावी, गरोदर बायकांच्या भेटी घ्याव्या, भ्रमणध्वनीवर पोषणाच्या नोंदी भराव्या, आणि २०२४ साली तर लाडक्या बहिणींचे अर्जही तिनेच भरले. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्या काळात अंगणवाड्यांना टाळी लागली. पण मंत्रालयाच्या कामकाजात त्यामुळे काही खंड पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सेविका व मदतनीस उपदानास पात्र आहेत, हे ठरविण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २०२२ साली तो निर्णय झाला. मुलांना सांभाळण्याचे काम म्हणजे बायकांची सहज प्रवृत्ती, तिला पगार कशाला, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे.

येथे आमचे काही वाचक म्हणतील, मूल आईजवळच वाढावे. पाळणाघर हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंब होते तेव्हा असे प्रश्न नव्हते. एकत्र कुटुंबाविषयी आम्हांसही आदर आहे. परंतु त्या वाड्यात मुलांचे न्हाऊमाखू कोण घालीत असे, हे एकदा आठवून पाहावे. ओसरीवर पानसुपारी खाणारे आजोबा नव्हेत. केशवपन केलेली आत्या, माहेरी परत आलेली मावशी, दोन वेळच्या जेवणावर राबणारी लांबची काकू, यांच्या मूक कष्टांवर ते गोकुळ नांदत होते. त्या बायकांची दुःखे संपली, हे चांगलेच झाले. त्यांचे काम मात्र संपलेले नाही. ते आता एकट्या आईच्या माथी आले आहे. २०२४ च्या केंद्रीय वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला सरासरी वेळ त्या कामात २८९ मिनिटे जातो, पुरुषाचा ८८ मिनिटे. आणि जो बिनपगारी सांभाळाचे काम करतो, त्याच्या बाबतीतही स्त्रीचा काल पुरुषाहून पुष्कळच अधिक आहे. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी निदान या आकड्यांचा तरी अभिमान बाळगू नये.

दुसरे कोणी म्हणतील, आमची सोय आम्ही करतो, सरकारने यात का पडावे? आमच्या मध्यमवर्गीय वाचकांची सोय बहुधा सोसायटीतील एखाद्या काकूंच्या पाळणाघरात झालेली असते. त्या काकू बहुतेक प्रेमळ असतात, हे त्यांचे आणि आपले सुदैव. परंतु त्या पाळणाघराची तपासणी कोणी, केव्हा केली, एका बाईमागे मुले किती, आग लागली तर दुसरे दार कोणते, हे वाचकांनी स्वतःस विचारून पाहावे. २०१६ साली एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला होता. संतापाला आपल्याकडे आयुष्य फार थोडे असते. शिवाय दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या घरी आपले मूल सांभाळावयास जी बाई सकाळी येते, तिचे मूल त्या वेळी कोण सांभाळीत असते? हा प्रश्न आपण तिला कधी विचारला आहे काय? बहुधा नाही, कारण उत्तर काय येईल हे आपल्याला ठाऊक असते, आणि ते ऐकल्यावर चहा गोड लागत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर असे की, न केलेल्या खर्चाचीही किंमत असते. घरात मूल सांभाळण्याची सोय नाही, बाप नाही, आई दिवसभर बाहेर, म्हणून किती मुले वसतिगृहांत आणि बालगृहांत ठेवली जातात, हे त्या संस्थांत जाऊन पाहावे. तेथील अनेक मुलांना आई किंवा बाप हयात आहे. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की, मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा. म्हणजे पहिला उपाय कुटुंबाला हात देणे हा होय. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलामागे दरमहा २,२५० रुपये देण्याची तरतूद झाली आहे. ती रक्कम वेळेवर आणि न मागता पोचली, तर कित्येक मुले आपल्या आईच्या घरी झोपतील. पैसा नाही असे नव्हे. त्याच्या रांगेत मूल कोठे उभे आहे, एवढाच प्रश्न आहे. मोटारीच्या जागेखेरीज इमारतीचा नकाशा मंजूर होत नाही. पाळणाघराच्या जागेसाठी इतका आग्रह धरलेला आम्ही पाहिला नाही.

मग करावयाचे काय? केंद्राच्या मिशन शक्तीखाली २०२२ पासून 'पाळणा' योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडावे आणि खर्च केंद्र व राज्य यांनी साठ-चाळीस या प्रमाणात वाटून घ्यावा, अशी ती कल्पना आहे. ती कोसबाडच्या विकासवाडीचीच नात म्हणावयास हरकत नाही. आमची पहिली मागणी अशी की, या शहरातील कष्टकऱ्यांच्या प्रत्येक वस्तीत निदान एक अंगणवाडी सकाळपासून संध्याकाळी आई परत येईपर्यंत उघडी राहावी, आणि त्यासाठी जास्तीची माणसे पगारावर नेमावी. जागा नाही, ही सबब ऐकून घेऊ नये. पटसंख्या घटल्यामुळे पालिकेच्या किती मराठी शाळांचे वर्ग आज रिकामे आहेत, हे सर्वश्रुत आहे. त्या वर्गांत पाळणे टांगावेत. आज पाळण्यात असलेले मूल सहा वर्षांनी त्याच इमारतीत पहिलीच्या बाकावर बसले, तर मराठी शाळांच्या भवितव्याविषयी आम्ही जे अश्रू ढाळतो त्यांतले काही वाचतील.

दुसरी मागणी अशी की, नव्या संहितांतील पाळणाघराची तरतूद कागदावर राहू नये. लहान आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालविण्यास कायद्याची आडकाठी नाही. औद्योगिक वसाहती, बाजारपेठा आणि कचेऱ्यांच्या इमारती येथे त्याचा आरंभ व्हावा, आणि बांधकामांवर मुख्य ठेकेदारालाच जबाबदार धरावे. हे अशक्य नाही. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर पहिले फिरते पाळणाघर काढले. १९७२ पासून ते काम मुंबईत आले. इमारत पुरी झाली की पाळणाघर मजुरांबरोबर पुढल्या बांधकामावर जाते. संस्था जे अर्धशतक करून दाखवितात ते राज्ययंत्रणेला जमत नाही, असे म्हणणे राज्याला शोभत नाही. तिसरी मागणी, खाजगी पाळणाघरांची नोंदणी व्हावी. तीही हप्ते गोळा करण्याचे नवे कुरण म्हणून नव्हे, तर काकूंना प्रशिक्षण, प्रथमोपचाराची माहिती आणि थोडे अनुदान देणारी. आणि चौथी, मुले सांभाळणारीला मानधन नको, वेतन हवे. जिच्या हाती आपण देशाचे भवितव्य सोपविले म्हणून भाषणे करतो, तिच्या हाती महिन्याच्या पहिल्या तारखेला पुरेसा पगारही पडावा.

आणि सरकारबरोबर समाजाचाही वाटा आहे. गणपतीला मांडव घालणारी मंडळे, सोसायट्यांची सभागृहे, देवस्थानांच्या धर्मशाळा दिवसभर रिकाम्या असतात. निवृत्त शिक्षिका, ज्यांचे हात अजून मुलांच्या पाटीवर फिरावयास उत्सुक आहेत, त्या प्रत्येक पेठेत आहेत. आठवड्यातून दोन दुपारी त्यांनी दिल्या आणि मंडळाने एक खोली दिली, तर सरकारी हुकमाची वाट पाहावी लागणार नाही. मात्र अशा सेवेने सरकारची जबाबदारी कमी होते, असे मानण्याची चूक आम्ही करणार नाही. धर्मादाय मनाची लहर असते. पाळण्यातील मुलाला रोज सकाळी नियमाने कोणीतरी लागते.

अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो, राज्याचाही आणि पालिकेचाही. पुढल्या वेळी तो मांडला जाईल तेव्हा पुलांच्या आणि बोगद्यांच्या आकड्यांवर चर्चा होईलच. आमच्या वाचकांनी त्या भल्या मोठ्या ग्रंथात एकच ओळ शोधावी: या शहरात संध्याकाळपर्यंत उघडी राहणारी पाळणाघरे किती, आणि त्यांच्यासाठी रक्कम किती. ती ओळ सापडली नाही, तर आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला तिच्याविषयी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे. एका मुलीने एकदा आम्हांला वर्गाच्या दारात प्रश्न विचारला होता आणि आम्ही तिला नियम दाखविला होता. तो प्रश्न आज आम्ही तिच्या वतीने या शहराला विचारीत आहोत.